प्लॅटफॉर्मवर राहिला

नवारा कबुतरांच्या पोटात भरड गहू भरत असताना दार वाजलं. बरबटलेले हात वर धरून तिनं कोपरानंच कडी सरकवली. दारात अब्दुश्शाफी उभा होता, तिच्या नवऱ्याचा समुद्रावरचा सोबती. एकटाच.

तिनं त्याच्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं.

"हे कुठं राहिले?"

अब्दुश्शाफीनं डोक्यावरची टोपी काढली. "वहिनी, बखीत... बखीत प्लॅटफॉर्मवर राहिला."

"पुन्हा?" नवारा वैतागून हसली. "आता कुणाची पाळी अंगावर घेतली? आणि मी खुळी सकाळपासून पिसं उपटत बसलेय!"

त्यानं टोपी खिशात कोंबली.

इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या रास घारिबमधले निम्मे पुरुष समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला जात, त्यामुळे तो शब्द गावाच्या जिभेवरच बसलेला. तुटक झोप ती प्लॅटफॉर्मची झोप. सुट्टीवर येऊन स्वतःच्याच घरात 'पेले कुठं असतात?' असं विचारणारा नवरा, तो प्लॅटफॉर्मचा पाहुणा. चार महिन्यांपूर्वी दूरच्या सोहागहून लग्न होऊन आलेल्या नवाराला शेजारणींनी हे सगळं हसत-हसत शिकवलं होतं. एवढं एक सोडून. तिकडे माणूस दगावला तर 'मेला' असं इथं कुणी म्हणत नसे; प्लॅटफॉर्मवर राहिला, म्हणत. पोरासोरांनाही ते कळायचं. नव्या नवरीला मात्र ते कोण शिकवणार?

"बसा भाऊजी. पहिली दोन भाजून झालीत. जेवल्याशिवाय सोडायची नाही मी."

येताना बसमध्ये अब्दुश्शाफीनं ते एकच वाक्य घोकलं होतं. ते बोललं की पुढचं बायका बघतील, असं त्याला वाटलं होतं. दुसरं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. तो बसला. तिनं पुढे ठेवलेल्या कबुतराचा पाय त्यानं मोडला आणि चावू लागला.

"खारट नाही ना झालं?"

"नाही."

"उद्या बोट जाते ना तिकडं?"

"जाते."

"मग ह्यांच्यासाठी बांधून देते. तिथलं मेसचं खाऊन वाळलेत नुसते. आणि सांगा त्यांना, बायको रागावलीय म्हणून. खरंच सांगा हं, हसण्यावारी नेऊ नका."

अब्दुश्शाफीच्या तोंडातला घास तिथंच थांबला.

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरची उम्म हाशिम आत आली, तिच्यामागून आणखी दोघी. तिघींच्याही अंगावर दुखवट्याचे काळे कपडे होते. उम्म हाशिमनं एकदा अब्दुश्शाफीकडे पाहिलं, एकदा ताटाकडे.

नवाराचा चेहरा उतरला. तिनं घाईघाईनं हात पुसले, डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"अगंबाई, कुणाकडे जायचंय?" तिनं हलक्या आवाजात विचारलं. "थांबा हं, मीही काळं घालून येते."