आठ टोप्या, चार किलोमीटर

दिगंबरराव रत्नपारखी यांच्या घरातला पॅसेज त्या दिवाळीपर्यंत चार किलोमीटरचा झाला होता. एका टोकाला बैठकीची खोली, टोप्यांच्या खुंट्या आणि दिगंबरराव. दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, देव्हारा आणि त्यांच्या पत्नी कुमुदताई. सांगलीत विश्रामबागेतला दुसऱ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळायचं नाही. इमारत होती तेवढीच होती आणि खालच्या मजल्यावरच्यांचीही काही तक्रार नव्हती.

मापाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. दिगंबररावांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. बांधावर सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असताना त्यांनी मोजणीची साखळी टाकली होती आणि वीतभर जमीन इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. आयुष्यात कुणाला टोपी घातली नाही असा हा माणूस. जुन्या टोप्यांचा नाद लागला तो निवृत्तीनंतर, आणि उशिरा लागलेला नाद कसा असतो ते सांगायला नको.

पहिली टोपी रविवारच्या जुन्या बाजारात मिळाली. राखी रंगाची फेल्ट हॅट, आत रेशमी अस्तर, कुणा गेल्या माणसाच्या घामानं काळी पडलेली चामड्याची पट्टी. दिगंबररावांनी ती आरशासमोर दोनदा घातली, स्वतःशीच लाजले आणि खुंटीला लावून टाकली. आठ दिवस तिला कुणी हात लावला नाही. नवव्या दिवशी धूळ झटकायला उचलली, तर आत रुमालासारखी घडी घातलेली एक कुत्री होती. ती एकेक घडी उलगडत खाली उतरली, चार लांबलचक पाय फरशीवर टेकवले, नखशिखांत थरथरली आणि दिगंबररावांच्या गुडघ्याला रेलून उभी राहिली.

“अगं बाई! हिला कुणी खायला घालत नव्हतं की काय?” कुमुदताई म्हणाल्या. पुढे घरी येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणत राहिला.

गुरांचे डॉक्टर शिकलगार यांनी तिचं नाक दोन बोटांत धरून पाहिलं. “व्हिपेट आहे ही. विलायती जात. टोपीतनं निघालेली दिसतीय.”

“कशावरून?”

“नाकावर घडी पडलीय बघा. जाईल हळूहळू. पण साहेब, हिला पळायला लागतं. जागा आहे का?”

“अकरा फुटांचा पॅसेज आहे.”

“मग होईल की काहीतरी,” डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेज अर्धा किलोमीटर झालेला होता. वाढ झाली होती ती बरोबर मधोमध. तिथे दोन फरश्यांच्या सांध्यात एक बारीक फट होती, आणि त्या फटीतून नवी फरशी निघून घर दोन्ही बाजूंना सरकलं होतं. कुमुदताई चहा घेऊन निघाल्या त्या सात मिनिटांनी पोचल्या. चहा कोमट झाला होता. दोघांनी तो मुकाट्यानं प्यायला, कारण समोर ती कुत्री धावत होती.

व्हिपेट पाळण्याचं सुख सांगून कळायचं नाही. दिवसातले एकवीस तास ती झोपते, तेही तुमच्या गोधडीत, तुमच्या काखेत नाक खुपसून. भुंकत नाही, जिना चढणाऱ्याची चौकशी करत नाही. कान जुन्या लुगड्याच्या पदराइतके मऊ. आणि मग अचानक काहीतरी आठवल्यासारखी उठते आणि अशी सुटते की मधल्या काही क्षणांत चारही पाय जमिनीवर नसतात. ते पाहताना दिगंबररावांना आपला डावा गुडघा दुखतो हे आठवत नसे. कुमुदताईंनी तिचं नाव काडी ठेवलं आणि थंडीसाठी तिला पिवळा स्वेटर विणला.

इथवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग एका सकाळी दिगंबररावांनी सहज ती फेल्ट हॅट डोक्यावर घातली. काडी जिथे होती तिथून नाहीशी झाली, टोपीत ऊबदार काहीतरी बसल्यासारखं वाटलं, आणि पॅसेजची फरशी सुर्रकन फटीत शिरली. पॅसेज पुन्हा अकरा फुटांचा झाला. कुमुदताई वाफाळता चहा घेऊन समोरच उभ्या होत्या. कितीतरी दिवसांनी त्या इतक्या जवळ होत्या.

“अहो, मला जरा,” त्या म्हणाल्या.

टोपीच्या आत काडी कुंईकुंई करू लागली. दिगंबररावांच्यानं ते ऐकवेना. त्यांनी टोपी जराशी वर केली, बोटभरच. पण टोपी कपाळावरून सुटली की ती काढल्यासारखीच. काडी खाली उतरली, फटीतून फरशी सुटली आणि कुमुदताई चहाच्या कपासकट अर्धा किलोमीटर लांब गेल्या. त्यांचं पुढचं वाक्य ऐकू आलं नाही. त्यानंतर त्या चहा घेऊन इकडे आल्या नाहीत.

जाऊन माफी मागावी एवढं शहाणपण दिगंबररावांकडे होतं, पण ते बाजारात गेले. एकट्या माणसाला रविवार खायला उठतो. स्टेशनमास्तरची टोपी मिळाली, त्यातून मास्तर नावाचा कुत्रा निघाला, तो कुठेही चाळीस मिनिटं उशिरा पोचायचा. इंग्रजी अमलातल्या सोला हॅटमधून साहेब निघाला. त्याला बशी लागे, वाडगा चालत नसे. बँडवाल्याच्या लाल टोपीतून निघालेली कुत्री वरातीच्या चालीवर शेपूट हलवी. पगडीतून निघालेल्याला कुणाचंच पटत नसे. अशा आठ टोप्या झाल्या आणि आठ कुत्री. प्रत्येकाला धावायला अर्धा किलोमीटर लागे आणि पॅसेज तेवढा पुढे सरके. दर खेपेला दिगंबरराव मोजपट्टी घेऊन बसत आणि दर खेपेला त्यांना वाईट वाटे, पण खुंटीवरची नवी टोपी पाहून थोडं बरंही वाटे. खोटं कशाला बोला.

कुमुदताई कन्याशाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी हात टेकले नाहीत, कुंचला उचलला. आपल्या बाजूनं भिंतीवर पिवळेपांढरे मैलाचे दगड रंगवले. ‘बैठक ३’, ‘बैठक २’. आपलं अंथरूण त्यांनी स्वयंपाकघरात नेलं. कुत्री दिवसा तिथेच चुलीच्या उबेला पडायची आणि टपालाचं काम करायची. चार किलोमीटर त्यांना पाच मिनिटांचं. गळ्यात डबा आणि डब्यावर चिठ्ठी.

‘भाजी काय करू?’

‘वांगं,’ असं दिगंबरराव लिहून पाठवत. पण बऱ्याचदा चिठ्ठी मास्तरकडे पडे, आणि मग दुधी येई.

अलीकडे चिठ्ठ्यांमधून एकच मजकूर येऊ लागला होता. ‘आज शिकरण केलंय.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज पुन्हा शिकरण.’ धावत्या व्हिपेटच्या गळ्यात शिकरणाचं काय होत असेल याचा विचार न केलेला बरा. दिगंबररावांना एवढंच कळेना की या घरात इतकी केळी येतात कुठून.

पाडव्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला काडी आली. गळ्यात डबा नव्हता, नुसती चिठ्ठी होती.

‘ओवाळायचं आहे. निरांजन लावलं आहे. तूप चमचाभरच उरलंय. डोक्यावर टोपी घालून या. रुमाल चालणार नाही.’

उघड्या डोक्यानं ओवाळून घेत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टोपी नसली तर रुमाल टाकून वेळ मारून नेतात. पण कुमुदताईंनी ती वाट आधीच बंद केली होती. दिगंबररावांनी हिशेब केला. चमचाभर तूप म्हणजे अर्धा तास. चार किलोमीटर म्हणजे त्यांच्या गुडघ्याला सव्वा तास. चौतीस पाडवे झाले होते, एकही चुकला नव्हता. हा चुकला की कुमुद पुढची चिठ्ठी पाठवणार नाही, हे त्यांना तिनं न लिहिताच कळलं.

त्यांनी मास्तरची टोपी घातली. पॅसेज अर्ध्या किलोमीटरनं आत आला. तिच्यावर सोला हॅट घातली. तिच्यावर लाल टोपी. टोपीतल्या कुत्र्याला वजन फारसं नसतं, पण ऊब सगळी असते. एकावर एक सात टोप्या चढल्या, घाम कानामागून वाहू लागला आणि खालची टोपी भुवयांपर्यंत उतरली. आठवी होती काडीची राखी फेल्ट हॅट. दिगंबररावांनी तिच्याकडे हात नेला. काडी पिवळ्या स्वेटरमध्ये समोर बसून त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी हात मागे घेतला.

“चल,” ते तिला म्हणाले. “अर्धा किलोमीटर चालू आपण.”

पॅसेजच्या मध्यावर, फटीशेजारी, एक बाई केळ्यांची पाटी घेऊन बसली होती. दिगंबरराव महिनोन्महिने इतक्या लांब आलेच नव्हते, त्यामुळे ती त्यांना माहीत नव्हती. तिला मात्र ते माहीत होते.

“मामा, सावकाश घाला की टोप्या! पायाखालची फरशी गेली माझ्या. पाटी वर धरली म्हणून केळी वाचली.”

“चुकलं,” दिगंबरराव म्हणाले. “इथे कोण घेतं केळी?”

“मामी घेत्यात. रोज येत्यात हितवर. फटीपाशी हुब्या राहत्यात, तुमच्या बाजूला बघत्यात, अन् माघारी जात्यात.”

“मग केळी कशाला घेते?”

“नुसतं हुबं राहिलेलं बरं दिसत न्हाई म्हणून.”

दिगंबररावांना एकेका दिवसाचं शिकरण आठवलं. सगळ्या वाट्या त्यांनी चाटूनपुसून खाल्ल्या होत्या आणि एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की सातही टोप्या गरम झाल्या.

“आल्या बघा,” बाई म्हणाली आणि पाटी उचलून भिंतीकडे सरकली.

समोरून कुमुदताई येत होत्या. जांभळी पैठणी, हातात तबक, तबकात कुंकू, अक्षता, सुपारी आणि निरांजन. त्यांना चौकटीत उभं राहून वाट पाहवली नव्हती. त्या ज्योतीला पदराचा आडोसा करून चालत होत्या. काडीला एकदम दोन्ही माणसं एका नजरेत दिसली आणि ती आनंदानं वेडी झाली. ती दोघांच्या मधून सुसाट जाऊ लागली, परत येऊ लागली. ती गेली की ज्योत एकीकडे लवे, आली की दुसरीकडे.

“काडे, बस!” दोघं एकदम म्हणाले. काडी फटीवर बसली, पुढचे पाय इकडे, मागचे तिकडे.

कुमुदताई फटीच्या त्यांच्या बाजूला थांबल्या, दिगंबरराव आपल्या बाजूला. मध्ये हातभर अंतर होतं.

“किती घातल्यात?” कुमुदताईंनी मान वर करून विचारलं.

“सात.”

“आणि हिची?”

“खुंटीवर आहे. हिला कोंडवत नाही.”

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “मलाही नसतं आवडलं.”

“कुमुद, त्या दिवशी तू ‘अहो, मला जरा’ म्हणालीस. पुढे काय होतं?”

“मला जरा इथेच बसू द्या, असं म्हणत होते. तुमच्याजवळ. दुसरं काय असणार?”

“मला वाटलं मीठ संपलं.”

“तुम्हाला वाटणारच,” कुमुदताई म्हणाल्या. टोपीच्या काठाखाली दिगंबररावांचे डोळे भरून आले होते, पण ते तिथे कुणाला दिसण्यासारखे नव्हते.

कुमुदताईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि हात वर केला. मग हात तसाच राहिला.

“कपाळ कुठे आहे?”

“आत आहे.”

“मग टोप्या वर कराव्या लागतील.”

दोघांनी फटीकडे पाहिलं. काडीनंही पाहिलं आणि ती हळूच उठून भिंतीला लागून उभी राहिली. सात टोप्या, साडेतीन किलोमीटर, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे मोजायला मोजणी खात्याची गरज नव्हती.

“एकानं दुसऱ्याच्या बाजूला यायला हवं,” दिगंबरराव म्हणाले.

“हो.”

“कोण?”

 तूप संपत आलं होतं, वात तळाशी चुरचुरू लागली होती. दिगंबररावांना वाटलं, चौतीस वर्षं हीच इकडे येत आली. चहा घेऊन आली, केळी घेऊन अर्ध्या वाटेवर आली, आता निरांजन घेऊन आली. या खेपेला आपण जायचं. पण हे तोंडानं बोललं तर ती ‘छे, तुम्ही कशाला, गुडघा आहे तुमचा’ म्हणणार, मग वाद होणार आणि ज्योत जाणार. म्हणून त्यांनी शरीराचा भार हळूच डाव्या पायावर घेतला. कुमुदताईंनीही पदर कमरेला खोचला. का, ते दिगंबररावांच्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

“धरते हं,” त्या म्हणाल्या.

कुंकवाच्या बोटाशेजारचं बोट खालच्या टोपीच्या काठाखाली शिरलं. सातही टोप्या एकदम भुवयांवरून वर सरकल्या. पहिलं ओलं नाक बाहेर आलं ते मास्तरचं, जन्मात पहिल्यांदा वेळेच्या आधी. कपाळाला थंडगार कुंकू टेकलं, दिगंबररावांनी पलीकडे टाकायला उजवा पाय उचलला, आणि टोपीखालून मोकळ्या झालेल्या डोळ्यांना दिसलं की समोर कुमुदताईंचाही पाय इकडे यायला उचललेला आहे.