ओकच्या दाराचं माप

मनाशेकाकांना दारांमधलं सगळं कळतं, असं मँचेस्टरचे मराठी लोक म्हणत, आणि काका ते बिलकूल नाकारत नसत. भायखळ्यातला वडिलांचा दारं बनवायचा धंदा त्यांनी इथे एका शेडमध्ये पुढे चालवला होता. चोवीस वर्षं फक्त सागाची दारं. दार आणि चौकटीतल्या फटीचा नियमही वडिलांचाच: एक नाणं सरकलं की पुरे.

२००६ साली साग परवडेना, म्हणून इथलं ओकचं लाकूड आलं. मुलगी मिरियम कॉलेजात सुतारकाम शिकलेली. ती म्हणाली, "पप्पा, ओक पाणी पितो. दोन नाणं ठेवा." इथेच वाढलेली, तेव्हा व्याकरणाचा आनंदच, पण लाकूड तिला कळायचं. काकांनी तिच्या हातात सँडपेपर दिला. नऊ वर्षं तिच्या वाट्याला घासणं आणि पॉलिश, बस्स. एकदा तरी माप आपल्याला घेऊ द्यावं, म्हणून पोरीचा जीव तुटत होता.

ऑक्टोबरात आठ दिवस पाऊस लागला आणि मूळच्या पुण्याच्या, पण इथेच राहणाऱ्या उल्हासचा फोन आला. एका दुकानाच्या वर असलेल्या त्याच्या फ्लॅटला काकांनी बसवलेलं नवं दार चिकटत होतं. बापलेक गेले. "दार लावायची एक पद्धत असते," म्हणत काका आत शिरले आणि पद्धत दाखवायला त्यांनी ते धाडकन लावलं. मिरियम व्हॅनमधून रंधा आणायला गेलेली, ती बाहेरच राहिली.

दार काही उघडेना. काकांनी ओढलं, मग उल्हासने ओढलं. फ्लॅटला दुसरं दार नव्हतं आणि उल्हासची ट्रेन चाळीस मिनिटांवर. घ्या, झाली का शोभा! हातच्या काकणाला आरसा कशाला, ओक फुगला होता.

शेवटी दारातल्याच लेटरबॉक्सची झडप उघडली आणि काकांच्या मिशा दिसल्या.

"मिरियम, कुठे अडलंय गं?"

"वर, कुलपाच्या बाजूला. दार फुगली, पप्पा. तुम्ही हँडल ओढा, मी खांदा लावते."

तिसऱ्या धक्क्याला दार उघडलं आणि काका जिन्याच्या पायरीवर बसले. मिरियमने सवयीने रंधा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

उल्हास बूट चढवता चढवता म्हणाला, "काका, आता फट किती ठेवणार?"

"मला कशाला विचारतोस?" काका म्हणाले. "आमच्याकडे मापं मिरियम घेते."

मिरियमला इतका आनंद झाला, की खूण करायची पेन्सिल आपल्याच कानावर आहे हे उल्हासला तिला सांगावं लागलं.