निळ्या टेपखाली

ताईची गाडी तिसऱ्यांदा दारात आली तेव्हा टाचणीने हातातला पाना बाकावर आपटला.

टाचणी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण तीस वर्षं कॉलरला टाचणी खोचून फिरणाऱ्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला लोक दुसरं काय म्हणणार? वायरीत वीज आहे की नाही ते बघायला तो वायर कधी सोलायचा नाही. टाचणी टोचायची, तिला मीटर लावायचा, आकडा वाचायचा, टाचणी उपसायची आणि वर निळ्या टेपचे दोन वेढे मारायचे. झालं काम. "डॉक्टरचा हात काय हलका असेल!" असं स्वतःचं कौतुक तो स्वतःच करून घ्यायचा.

"चढावर परत मान टाकली हिने," ताई उतरता उतरता म्हणाली. "मागे ट्रक, शेजारी हे डोळे मिटून बसलेले. मी पाय दाबतेय आणि गाडी ढिम्म."

दाजी हळूच उतरले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत टेकले. आठवड्यातून तीनदा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला हॉस्पिटलात जावं लागे. आज दोनची पाळी होती. पाळी चुकली की पाय सुजायचे, रात्रभर श्वास लागायचा.

"आजचा दिवस टॅक्सी कर ना."

"येताना त्यांना उलट्या होतात. दोन टॅक्सीवाल्यांनी भर रस्त्यात उतरवलंय आम्हाला. मला माझी गाडी हवी, आणि ती चढणारी हवी."

टाचणीने तपासणीचं मशीन जोडलं. मशीनने तेच जुनं रडगाणं गायलं: व्हॉल्व्ह अॅक्च्युएटरच्या सर्किटमध्ये बिघाड. इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे ती वेळ पुढेमागे करणारी ही मुठीएवढी वस्तू. तिला वीज नीट पोचली नाही की चढावर इंजिन ढेपाळतं. टाचणीने ती एकदा बदलली होती, मग परत बदलली होती. तिचं सॉकेट काढून वीज मोजली होती, तर पुरे बारा व्होल्ट. मग दोष द्यायला उरलं कोण? ताई.

"तू गियर उशिरा बदलतेस."

"मी गाडी शिकले तेव्हा तू तीनचाकी सायकलवरून पडत होतास. गप काम कर."

त्याने सॉकेट उपसलं, मीटर लावला. बारा. सॉकेट पुसून मीटर परत लावला. बारा. मीटरवरच संशय घेऊन दुसरा मीटर आणला. तोही बारा म्हणाला. एक स्क्रू हातातून निसटून इंजिनाच्या पोटात कुठेतरी गडप झाला, तो शोधताना बोटाचं सालटं निघालं. टाचणीने त्या स्क्रूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"किती वाजले?" दाजींनी विचारलं.

"बारा!" टाचणी मीटरकडे बघत ओरडला.

"अरे, मी घड्याळातले विचारतोय."

ताईला हसू आलं. टाचणीला नाही आलं. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"दाजी, सगळं ठीक दाखवतंय हो! वीज आहे, वस्तू नवी आहे, मग ही बया चढत का नाही?"

"माझंही तसंच आहे की," दाजी म्हणाले. "खुर्चीत बसलोय तोवर ठणठणीत. भेटायला येणारे म्हणतात, तब्येत छान दिसते. जिना चढायला सांगा, मग कळेल किती छान आहे ते."

 टाचणी स्वतःच्या कपाळावर हात मारून आत गेला आणि हेडलाइटचा जुना दिवा घेऊन आला. मीटर लावणं म्हणजे वायरीला खुर्चीत बसवून विचारणं. तिच्यावर ओझं कुठे टाकलं होतं? त्याने सॉकेटच्या दोन टोकांना दिवा जोडला. दिवा पेटायला हवा होता लख्ख. आतली तार नुसती तांबडी झाली, विझत्या विडीसारखी.

मग त्याने बॅटरीपासून एक वेगळी वायर ओढून तोच दिवा लावला. लख्ख! म्हणजे रोग मधल्या वायरीत होता. फ्यूजच्या डबीपासून तो वायरीची जुडी उलगडत निघाला. इंजिनामागे जुडी वळते तिथे त्याची बोटं थांबली.

तिथे निळी टेप होती.

काळी टेप सगळेच वापरतात. निळी तो एकटाच वापरायचा. त्याने ती सोडवली. वायरीच्या कातडीवर टाचणीएवढं भोक, भोकाभोवती हिरवट बुरशीसारखं काहीतरी. त्याने कातडी चिरली, तर आत तांब्याचा हिरवा भुगा, आणि सगळ्या तारांपैकी एकच केसाएवढी तार शाबूत. दोन वर्षांपूर्वी इंजिन थरथरतं म्हणून ताईने गाडी आणली होती. त्याने इथेच टोचून बघितलं होतं. दोष निघाला होता प्लगमध्ये.

त्याने कुजलेला तुकडा कापला, नवा जोडला, सांध्याला कथलाचा डाग दिला, वर जाड नळी चढवली. दिवा लख्ख पेटला. एक वाजला होता.

"काय निघालं?" ताईने विचारलं.

"वायर कुजली होती."

"आपोआप?"

जुनी झाली की कुजते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दाजी ट्रकपुढे डोळे मिटून बसलेले त्याला दिसत होते.

"मी टोचलेली होती. त्या भोकातून ओल गेली."

ताईने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे मी गियर उशिरा बदलत नव्हते."

"नव्हतीस."

"आण ती टाचणी इकडे." त्याच्या कॉलरची टाचणी तिने स्वतःच उपसली आणि दाजींच्या रिपोर्टांना लावून टाकली. "आता मागे बस. चढ संपल्याशिवाय उतरायचं नाही."

चढावर गाडी अशी सुटली की दाजींनी डोळे उघडले. ताईने आरशातून भावाकडे बघितलं. तो खूश दिसायला हवा होता. तो दोन्ही सीटांमधून मान पुढे काढून समोर बघत होता. पुढे शाळेची पिवळी व्हॅन मुलं भरून धापा टाकत चढत होती.

"हॉर्न वाजव, ताई."

"का रे? जाऊ दे ना तिला."

"वाजव म्हणतो ना! थांबव तिला वर गेल्यावर!"

"काय झालं?" दाजींनी विचारलं.

"तिच्यात तीन ठिकाणी निळी टेप आहे, दाजी."