भट्टीवरचा माळी

कारखान्यात त्याला सगळे माळी म्हणत. त्याच्या हाताखाली झाडाचं एक पान नव्हतं, पण भट्टी होती. लोखंडाचा पुसट थर दिलेल्या चकत्या काचेच्या पाइपात सरकवायच्या, पंपानं हवा ओढून घ्यायची, पाइप लालभडक तापला की हायड्रोजन आणि कार्बनचा वायू सोडायचा. मग त्या चकत्यांवर कार्बनच्या नळ्या उगवत. एकेक नळी केसाहून हजारो पटींनी बारीक, आणि सगळ्या मिळून काळ्या मखमलीसारखं रान. त्यातून पुढे संगणकाच्या चिपा बनायच्या.

दोन वर्षं हे रान खुरटंच राहिलं. मग एके दिवशी जे तरारून आलं, ते येतच राहिलं. साहेब म्हणाले, "माळ्याच्या हाताला यश आहे."

देवानं ओंजळीत टाकलेलं वाटून खावं. यानं ते एकट्यानं गिळलं. खरं काय ते त्यालाच ठाऊक होतं. पाइपाच्या टोकाची रबरी रिंग झिजली होती. तिच्यातून खोलीतली दमट हवा कणभर आत शिरायची आणि त्या ओलीवर नळ्या वाढायच्या. सांगितलं असतं, तर नवी रिंग बसवून साहेबांनी मोजूनमापून वाफ सोडली असती, आणि भट्टी कुणीही चालवली असती. मग माळ्याला कोण विचारतो? म्हणून तो रोज सकाळी तपासणीच्या तक्त्यावर 'रिंग ठीक' लिहायचा.

त्याचा मेहुणा शेजारच्याच खोलीत सूक्ष्मदर्शकावर नळ्यांची उंची मोजायचा. दाढ काढून माळी घरी बसला, त्या दिवशी भट्टी मेहुण्याकडे आली. त्यानं फोन लावला.

"दाजी, मंत्र तरी सांगा. का तोही दाढेबरोबर उपटला?"

"मंत्र कसला! माझं नाव घे आणि बटण दाब."

"ताई म्हणते, तुमचं नाव घेतलं की दूध नासतं."

दोघंही हसले. ती घटका देवानंच पुढ्यात आणून ठेवली होती. रिंगेचं ओठांवर आलेलं माळ्यानं गालातल्या कापसासारखं आतच दाबून धरलं.

दुपारी रिंग फाटली. तापल्या हायड्रोजनमध्ये हवा घुसली आणि पाइप फुटला, तेव्हा मेहुणा टोकाशी वाकून आत बघत होता.

डोळे गेले. पाचव्या दिवशी साहेब इस्पितळात कागद घेऊन आले: बदली कामगाराच्या हलगर्जीमुळे अपघात. माळी खाटेशी उभा होता, त्याची बायको भावाला चमच्यानं दूध पाजत होती.

"करतो सही, साहेब," पट्ट्यांआडून मेहुणा म्हणाला. "माझंच काहीतरी चुकलं. दाजींच्या हातून असं कधी झालं नाही. दाजी, जागा तेवढी दाखवा."

माळ्यानं त्याचा हात धरला. पेन कागदाला टेकलं. माळ्याला ते पुढे सरकवेना.

"रिंग झिजली होती," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

"कधीपासून?" मेहुण्यानं विचारलं.

"सात महिने."

"मी फोन केला तेव्हाही?"

"हो."

मेहुण्यानं हात सोडवून घेतला. बहिणीनं नवऱ्याकडे न बघता भावाच्या हनुवटीवरचा दुधाचा ओघळ पुसला.

"साहेबांना सगळं लिहून द्या," ती म्हणाली. "आणि परत इथं येऊ नका."

साहेबांनी कागद उलटा करून दिला. माळी तो भिंतीला टेकवून उभ्याउभ्याच लिहू लागला.

बऱ्याच वेळानं मेहुण्यानं विचारलं, "ताई, गेले का ते?"

"नाही. लिहितायत अजून."