समोरचं स्टूल

शिडीवाल्याच्या कारखान्यात दोन स्टुलं होती, आणि धंद्याचा कुठलाही निर्णय त्या स्टुलांशिवाय होत नसे. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, तीन कामाची टेबलं आणि कोपऱ्यात रचलेलं लाकूड. मोठी ऑर्डर आली की शिडीवाला भिंतीकडे तोंड करून एका स्टुलावर बसायचा आणि बायको त्याच्यासमोर, भिंतीला टेकून. तो डोळे घट्ट मिटून प्रभूपुढे सगळं प्रकरण मांडायचा. पटलं तर बायको आमेन म्हणायची. नाही पटलं तर गप्प बसायची, आणि मग साक्षात देवदूत जरी ऑर्डर घेऊन आला असता तरी त्याला हात हलवत परत जावं लागलं असतं. लोक हसायचे. हसोत बापडे. वीस वर्षांत त्यांच्या शिडीवरून कुणी पडलं नव्हतं.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. तो अजून रोज प्रार्थना करायचा, पण शेवटचं आमेनही आता त्यालाच म्हणावं लागे. मागायचंही आपणच आणि मान डोलवायचीही आपणच! असल्या आमेनवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता.

सोबतीला उरला होता एक पुतण्या. तिशी ओलांडलेला, हाताने कसबी, जिभेने तिखट. दुपारी दोघं एकत्र डबा खायचे. दिवसभरात शिडीवाल्याशी बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी एका बांधकाम कंपनीने साठ शिड्या मागितल्या, त्याही पंधरा दिवसांत. लाकूड होतं, पण ओलं. ओल्या लाकडाच्या पायऱ्या आज घट्ट बसतात. चार महिन्यांनी लाकूड आकसलं की त्याच भोकात गरागरा फिरतात.

"चिकटवताना सरस जास्त लावू," पुतण्या म्हणाला. "सगळे तेच करतात, काका."

"सगळ्यांचं मला नको सांगूस."

"मग माझं सांगतो. ही ऑर्डर सोडलीत तर मी फर्निचरवाल्याकडे जातो. तो कधीचा बोलावतोय. तुम्ही त्या रिकाम्या स्टुलाशी बोलत बसा. माझं घर नाही चालत त्याच्यावर."

शिडीवाला आपल्या स्टुलावर बसला, डोळे मिटले. "प्रभू, याला बायकोपोरं आहेत. सरस आम्ही चांगल्यातला लावू. हा गेला तर मी अगदी एकटा पडेन." आमेन ओठांवर आलंसुद्धा. इतक्या लगबगीने आलं, की त्याचा त्यालाच संशय आला. तो उठला आणि दोन पावलं टाकून बायकोच्या स्टुलावर जाऊन बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तिथून भिंत दिसत नव्हती. उघडं दार दिसत होतं, दारातून रस्ता, आणि समोरच्या इमारतीच्या खिडकीशी त्यांच्याच शिडीवर चढलेला एक रंगारी. एका पायावर सगळा भार टाकून, दुसऱ्या पायाने पोटरी खाजवत तो मजेत शीळ घालत होता. पायरीकडे त्याचं लक्षही नव्हतं.

म्हणजे ही बाई इथून शिडीवरची माणसं बघत बसायची, डोळे मिटतच नव्हती तर! वीस वर्षं तो समजून चालला होता, की दोघं मिळून डोळे मिटतात. लबाड कुठली. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

आमेन काही केल्या तोंडातून निघेना.

"नाही जमणार," तो पुतण्याला म्हणाला. "लाकूड वाळल्याशिवाय नाही."

पुतण्याने एप्रन खिळ्याला अडकवला. माणूस वाईट नव्हता, दारात घुटमळला. "डबा खाऊन घ्या काका," म्हणाला आणि निघाला.

शिडीवाला परत आपल्या स्टुलावर येऊन बसला. "प्रभू, पोराचं तिकडे चांगलं होऊ दे," तो म्हणाला. "इकडची आठवण नाही आली त्याला तरी चालेल." मग सवयीने समोरच्या आमेनसाठी थांबला. 

तो उठला, दोन पावलं चालून समोरच्या स्टुलावर बसला आणि डोळे उघडे ठेवून रस्त्याकडे पाहू लागला. रंगाऱ्याच्या शिडीला वळसा घालून पुतण्या कोपऱ्यापर्यंत पोचला होता. तो दिसेनासा होईपर्यंत शिडीवाला थांबला, आणि मग मोठ्याने म्हणाला, "आमेन."