फोर्ट वेनचे उरलेले सामने

एडिनबरातल्या त्या फ्लॅटला मधुमती आतून कुलूप लावायची आणि किल्ली कार्डिगनच्या खिशात ठेवायची. जानेवारीत अतुल स्लिपर्स घालूनच बाहेर पडले होते. दोन तासांनी पोलिसांनी त्यांना घरी आणून सोडलं. तेव्हापासून दोघंही आतच.

अतुल हाडांचे सर्जन होते. आता त्यांना मुलीचं नावही आठवत नसे, पण रिटायर झाल्यावर मागवलेला एक खेळ तेवढा लक्षात राहिला होता. अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक बेसबॉल लीगचा १८७१चा सीझन, फासे आणि खेळाडूंची कार्डं घेऊन पुन्हा खेळायचा. मधुमतीला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते फासे टाकायचे, ती तक्ता बघून काय झालं ते सांगायची. तेवढा वेळ ते दाराकडे जात नसत.

त्यांचा संघ फोर्ट वेन. खेळ ऑगस्टपर्यंत आला तेव्हा तिने पुस्तिकेत वाचलं, की फोर्ट वेनने सीझन अर्ध्यावरच सोडला होता. पुढे त्यांचे सामनेच नव्हते. हे अतुलना सांगायची तिची छाती झाली नाही. ती स्वतःच सामने रचत गेली, तारखांसकट. असे सात आठवडे.

ईस्टरला तनिषा ब्रिस्टलहून आली. "आई, तू जा बाहेर. मी बसते बाबांबरोबर."

मधुमती मेडोज पार्कपर्यंत गेली, फोन हातात धरून बाकावर बसली आणि वीस मिनिटांत परत आली.

"इतक्यात?" तनिषा म्हणाली. "अगं, त्या बुकलेटमध्ये होतं, फोर्ट वेन लीग सोडून गेला. मी बाबांना सांगितलं. माझी काही चूक झाली का?"

"काय म्हणाले?"

"'गेले? बरं.' मग बॉस्टन संघाची कार्डं घेतली."

अतुल फासे टाकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मधुमती कोट न काढताच खुर्चीत बसली. त्यांना आठवडाभर केअर होममध्ये ठेवायचा कौन्सिलचा फॉर्म तिने दोनदा परत पाठवला होता. माझ्याशिवाय ते राहणार नाहीत, असं लिहून.

"तनू, तो फॉर्म भर."

"रिअली? होल वीक? आणि तू कुठे जाशील?"

मधुमतीने बराच विचार केला. एकही ठिकाण सुचेना.

"तू भर आधी," ती म्हणाली.