दुसरीच्या रकान्यातला एक

मी फळा बोलतोय. वर्गात शिकवायचा नव्हे हं. मी शाळेच्या व्हरांड्यात, मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर टांगलेला पटसंख्येचा फळा. इयत्ता, मुलगे, मुली, एकूण असे रकाने रंगाऱ्याने माझ्या अंगावर आखले. कोणी नवीन आलं, कोणी सोडून गेलं, की बाई ओलं फडकं फिरवून आकडा बदलतात.

जवळचा कारखाना बंद पडला आणि माझे आकडे रोडावत गेले. मग एकदा शिक्षण खात्याचे साहेब आले. "पट वाढला नाही तर पुढच्या वर्षी कुलूप," म्हणाले. दुसरी शाळा होती, पण भरधाव गाड्यांच्या रस्त्यापलीकडे.

तेव्हा दुसरीत मुलगी एकच, इस्त्रीवाल्याची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. तिने एकदा विचारलं, "बाई, हा एक कोण?"

"कोण म्हणजे? तूच की!"

तिचे डोळे हे एवढाले झाले! त्यानंतर पावसाची झड आत आली, की ही माझ्यापुढे हात पसरून उभी.

"अगं, भिजशील! आत हो," शिपाईकाका ओरडत.

"मग मी पुसली जाईन ना!"

मी थक्क झालो. इतकी वर्षं आकडे मिरवले, पण आकड्यात कोणी राहतं हे मला ठाऊकच नव्हतं.

एक दिवस तीच म्हणाली, "बाई, पुलाच्या कामावर कितीतरी मुली आहेत. बाबांबरोबर कपडे द्यायला जाते ना, तेव्हा दिसतात." बाई तिचं बोट धरून तडक निघाल्या.

परतल्यावर काकांना सांगत होत्या, "आया म्हणतात, आमची बोली तुम्हाला येत नाही, पोरं शिकणार कशी? मी म्हटलं, पाठवा तर खरं! आम्हीही शिकू."

दोन दिवस कोणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र व्हरांडा फुलून गेला! कडेवरची भावंडं, सिमेंटने पांढरे झालेले बाप, न कळणाऱ्या तीन-चार भाषा. बाईंनी ओलं फडकं फिरवलं. दुसरीच्या मुलींच्या रकान्यात त्यांनी चार लिहिलं, आणि खारूताईने भोकाड पसरलं.

"माझा एक कुठे गेला?"

काकांनी खडू घेऊन चाराशेजारी चार उभ्या रेघा ओढल्या. "ही बघ तू."

तिने डोळे पुसले. मग तिन्ही नव्या मुलींना ओढत आणलं आणि एकेकीचं बोट एकेका रेघेवर टेकवलं. प्रत्येकीने आपापल्या भाषेत काहीतरी म्हटलं. 'मी' असणार, दुसरं काय!

त्या वर्षी कुलूप लागलं नाही. पूल झाला, काही कुटुंबं गेली, काही इथेच रुजली, नवी येत राहिली. आता पट संगणकात भरतात. माझा रंग उडालाय, एक कोपरा फुगलाय, तरी बाई मला उतरवू देत नाहीत. कधी आलात तर माझ्यावरची बेरीज जरूर वाचा. पण मग क्षणभर थांबा, आणि वर्गांतून हजेरीला येणारे आवाज ऐका.